चालत्या गाडीचा जीर्णोद्धार

हवाना म्हटलं की एक चित्र ठरलेलं आहे. मालेकॉनचा समुद्रकाठचा रस्ता, रंग उडालेल्या जुन्या इमारती आणि त्यांच्यासमोरून जाणारी १९५७ सालची गुलाबी किंवा आकाशी शेवरोलेट. चित्राखालची ओळही ठरलेली: इथे काळ थांबला आहे. प्रवासवर्णनांत, पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांत, रविवारच्या पुरवण्यांत ती पुन्हा पुन्हा येते. गेली काही वर्षं मी जुन्या मोटरसायकलींच्या नादी लागलो आहे आणि हे वाक्य वाचताना दर वेळी ते मला आधीपेक्षा जास्त टोचतं. पन्नास वर्षांपूर्वीचं इंजिन ज्याने एकदा तरी उघडलं आहे, त्याला काळ थांबत नाही हे सांगावं लागत नाही. काळ रिंगा झिजवतो, रबर कडक करतो, पत्रा खातो. क्यूबासारख्या खाऱ्या वाऱ्याच्या बेटावर तर जरा जास्तच भुकेने खातो. तिथे एखादी गाडी सत्तर वर्षं रस्त्यावर असेल, तर तिच्यासाठी काळाशी कुणीतरी रोज झगडलेलं असतं.

माझं म्हणणं असं आहे. जुन्या वाहनाचं जतन म्हणजे आधी ते वाहन उघडणाऱ्या, समजून घेणाऱ्या आणि पुन्हा जोडणाऱ्या माणसांचं आणि त्यांच्या विद्येचं जतन. वस्तू त्या विद्येमागून टिकते. क्यूबाने, स्वतः न निवडलेल्या परिस्थितीत का होईना, ही विद्या टिकवली. म्हणून त्या गाड्यांविषयीची दोन्ही प्रचलित मतं मला उथळ वाटतात. एक मत म्हणतं, हे चालतंबोलतं संग्रहालय आहे. दुसरं म्हणतं, बिचाऱ्यांना नवं मिळत नाही म्हणून जुगाड करतात. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात कीव आहे आणि दोन्हींत मेकॅनिक कुठेच नाही.

१. गाड्या बेटावर अडकल्या कशा

फ्लोरिडाचा किनारा क्यूबापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. त्यामुळे १९५९ च्या क्रांतीपूर्वी ही अमेरिकी मोटार कंपन्यांची हक्काची बाजारपेठ होती. डेट्रॉइटचं नवं मॉडेल हवानाच्या शोरूममध्ये यायला वेळ लागत नसे. ऑक्टोबर १९६० मध्ये अमेरिकेने क्यूबाला होणारी बहुतेक निर्यात थांबवली आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये केनेडींनी व्यापारबंदी पूर्ण केली. गाड्या बेटावर राहिल्या, त्यांचे सुटे भाग समुद्रापलीकडे. आजही अशा साधारण साठ हजार अमेरिकी गाड्या क्यूबात असाव्यात, असा अंदाज नेहमी दिला जातो.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची फारशी सांगितली जात नाही. क्रांतीनंतर लाडा, मॉस्क्विच, पोलंडची छोटी फियाट अशा गाड्या आल्या, पण त्या बहुतांशी सरकारमार्फत, कामगिरी पाहून, पद पाहून मिळत. मिळालेली गाडी खुलेपणाने विकता येत नसे. क्रांतीपूर्वीची नोंद असलेली गाडी मात्र एकाकडून दुसऱ्याकडे कायदेशीर विकता येई. हा भेद ऑक्टोबर २०११ पर्यंत टिकला. म्हणजे अर्धशतकभर, जिथे खासगी मालमत्ता जवळजवळ नव्हतीच, तिथे १९५२ ची प्लिमथ हे घरातलं सोनं होतं. ती मुलाला देता येत होती, अडचणीला मोडता येत होती. जानेवारी २०१४ मध्ये सरकारी दुकानांतून गाडी घ्यायला परवान्याची अट उठली, तेव्हा पूजो ५०८ ची किंमत लागली अडीच लाख डॉलरच्या वर. सरकारी पगार महिन्याला वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास असलेल्या देशात.

तेव्हा ‘काळ थांबला’ म्हणणाऱ्यांनी आधी एवढं पाहावं, की निर्बंध, मालकीचा कायदा आणि किंमत या तिन्ही गोष्टी माणसांनी केलेल्या आहेत आणि त्यांच्या तारखा सांगता येतात.

२. टंचाईने गाडी टिकत नाही

टंचाईमुळे गाड्या टिकल्या, हे वाक्य ऐकायला सोपं आहे, पण ते कार्यकारणभाव उलटा लावतं. टंचाई गाडी टिकवायची गरज निर्माण करते. टिकवण्याची ताकद देत नाही. सुटे भाग मिळेनासे झाले की जगात बहुतेक ठिकाणी यंत्र बंद पडतं आणि भंगारात जातं. क्यूबात तसं का झालं नाही, याची मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण त्या गाड्यांच्या बांधणीत आहे. पन्नासच्या दशकातल्या बहुतेक अमेरिकी मोटारी वेगळ्या चासीवर बांधलेल्या. खाली जाड पोलादी सांगाडा, त्यावर बोल्टने बसवलेली बॉडी. इंजिन पुढे, लांबीच्या दिशेने, त्यामागे गिअरबॉक्स, मग लांब शाफ्ट आणि मागचा डिफरन्शियल. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना माणूस उभा राहील एवढी जागा. यातला कुठलाही भाग बाकीच्यांना न दुखवता वेगळा करता येतो आणि त्याच्या जागी दुसऱ्या वंशाचा भाग बसवता येतो. आजच्या गाडीत एखाद्या मोक्याच्या सेन्सरची तार तुटली तर इंजिन चालू होत नाही; त्या शेवरोलेटला इंधन, ठिणगी आणि हवा एवढंच पुरतं. ही दुरुस्ती करणाऱ्यावर विश्वास ठेवणारी रचना होती, असं मी म्हणेन.

दुसरं कारण, गाडी कमावती होती. बदामाच्या आकारामुळे तिला ‘आल्मेन्द्रॉन’ म्हणतात, म्हणजे मोठा बदाम. हवानात हे आल्मेन्द्रॉन ठरलेल्या मार्गांवर शेअर टॅक्सी म्हणून धावतात आणि ते हाकणाऱ्याला ‘बोतेरो’ म्हणतात, म्हणजे नावाडी. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथून येणारं तेल आटलं, अर्थव्यवस्था चार वर्षांत तिसऱ्या हिश्श्याने आक्रसली, सरकारी बस दिसेनाशा झाल्या. १९९३ नंतर स्वयंरोजगाराला परवानगी मिळाली आणि हे नावाडी शहराची वाहतूक ओढू लागले. रोजची कमाई रोजच्या दुरुस्तीत जात होती, म्हणूनच दुरुस्ती कधी तुंबली नाही.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: विद्या समाजात आधीपासून होती. क्यूबा हा साखरेचा देश. २००२ मध्ये निम्मे कारखाने बंद करायचं ठरलं तेव्हाही तिथे १५६ साखर कारखाने होते. साखर कारखाना कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. गाळप हंगामात मिलचा रोलर अडला तर सुटा भाग येईपर्यंत ऊस थांबत नाही. म्हणून कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ असतो, टर्नर असतो, ओतकाम जाणणारा माणूस असतो. शंभर-दीडशे वर्षं अशी वर्कशॉप गावोगाव असलेल्या देशात लोखंडाची भाषा बोलणारी माणसं मिळतात. त्यात क्रांतीनंतरच्या तांत्रिक शिक्षणाची भर पडली.

ही विद्या मुद्दाम पसरवलीही गेली. १९९२ मध्ये, ऐन हलाखीत, लष्कराच्या प्रकाशन संस्थेने एक पुस्तक काढलं. त्याच्या नावाचा अर्थ ‘आपल्याच प्रयत्नांनी’. देशभर लोकांनी केलेल्या दुरुस्त्या, पर्यायी वस्तू, घरगुती यंत्रं त्यात संकलित केली होती. एर्नेस्टो ओरोझा या क्यूबन डिझायनरने पुढे या सगळ्या वृत्तीला ‘तांत्रिक अवज्ञा’ असं नाव दिलं. वस्तू बनवणाऱ्याने सांगितलेला तिचा उपयोग, तिचं आयुष्य, तिची हद्द न मानणं. सायकलला पाण्याच्या पंपाचं किंवा लाकूड कापायच्या करवतीचं इंजिन लावून केलेली ‘रिकिम्बिली’ ही त्या अवज्ञेची सर्वांत धीट लेक.

क्यूबन माणसाच्या तोंडी सतत एक क्रियापद असतं, ‘रेसॉल्व्हेर’. शब्दकोशात त्याचा अर्थ सोडवणं असा आहे, पण मला त्याच्या सर्वांत जवळचं मराठी क्रियापद ‘भागवणं’ वाटतं. आहे त्यात भागवणं. आपल्या आयांनी महिनाअखेरीचं घर भागवलं, त्यात अक्कल होती, हिशेब होता, वर्षानुवर्षांचा सराव होता. त्याला कुणी जुगाड म्हटलं असतं तर आपल्याला राग आला असता.

३. एक पाव इंच जाडीची पट्टी

जुगाड या शब्दावर माझा राग का, हे एका कामावरून सांगतो. आल्मेन्द्रॉनचं मूळ सहा किंवा आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन टॅक्सीला परवडत नाही. म्हणून शेकडो गाड्यांत ट्रकचं, व्हॅनचं किंवा एखाद्या जपानी वा कोरियन गाडीचं डिझेल इंजिन बसवलं आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, एक काढलं, दुसरं घातलं.

इंजिनाचा क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत फिरावे लागतात. एकाच कंपनीच्या इंजिन-गिअरबॉक्समध्ये ती रेषा कारखान्यातच जुळलेली असते. दोन वेगळ्या देशांच्या, वेगळ्या दशकांच्या यंत्रांची बोल्टची भोकंसुद्धा जुळत नाहीत. मग दोघांमध्ये पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची एक जाड पट्टी कापून बसवतात. तिच्या एका बाजूची भोकं इंजिनाची, दुसऱ्या बाजूची गिअरबॉक्सची, मधे मोठं गोल. हे गोल क्रँकच्या केंद्रापासून किती सरकलेलं चालतं? साधारण इंचाच्या हजाराव्या भागाच्या पाचपटीपर्यंत. आपले टर्नर ज्याला थाऊ म्हणतात ते पाच थाऊ. म्हणजे जाडसर कागदाच्या एका पानाच्या जाडीएवढं. त्याहून जास्त सरकलं तर गाडी त्या दिवशी चालते, दुसऱ्या दिवशीही चालते; मग क्लचप्लेट एका अंगाने खाल्ली जाते, पायलट बेअरिंग आवाज करू लागतं आणि एके दिवशी चढावर गिअर आपोआप सुटतो.

हे मोजायला डायल गेज फ्लायव्हीलला लावतात आणि क्रँक हाताने हळूहळू फिरवत काटा पाहतात. काटा मर्यादेबाहेर गेला, तर पट्टी सोडायची, डॉवेल पिनची जागा किंचित सरकवायची, पुन्हा आवळायची, पुन्हा फिरवायची. तयार पट्टी बाजारात नाही, छापील मापं नाहीत, चुकलं तर नवा धातू मिळायची खात्री नाही. मग इंजिनाचे माउंटिंग, शाफ्टची लांबी, डिझेलच्या वजनाने बसलेली पुढची स्प्रिंग, सहा व्होल्टची जुनी वायरिंग बारा व्होल्टवर नेणं, हे प्रत्येक काम वेगळंच.

हे सगळं जुळून आल्यावर ती गाडी दिवसाला दहा तास माणसं वाहते. जुगाड या शब्दात ‘वेळ मारून नेली’ ही छटा आहे. इथे वेळ मारून नेलेली नाही, यंत्रशास्त्राच्या अटी पूर्ण पाळल्या आहेत. फक्त त्या कंपनीऐवजी गल्लीतल्या माणसाने पाळल्या आहेत.

४. हार्ली कशाला ठेवली?

गरजेचा सिद्धांत मोटारींना निदान अर्धा लागू पडतो. मोटरसायकलींपाशी तो अडखळतो.

क्रांतीपूर्वी क्यूबाच्या पोलिसांकडे आणि लष्कराकडे हार्ली-डेव्हिडसन होत्या, हौशी लोकांकडेही होत्या. नंतर भाग बंद झाले. पण मोटारींच्या बाबतीत जे झालं नाही ते इथे झालं: पर्याय मुबलक आला. पूर्व जर्मनीची एमझेड, चेकोस्लोव्हाकियाची जावा, रशियाची साइडकारवाली उराल. जावा आपल्या ओळखीची. म्हैसूरला १९६१ पासून तिचं उत्पादन झालं आणि पुढे तीच येझदी झाली. पुण्यातल्या कितीतरी घरांत तिचा तो दोन सायलेन्सरचा आवाज अजून कानात असेल. हलकी, साधी, भाग मिळणारी टू-स्ट्रोक गाडी. रोजच्या कामाला हार्लीपेक्षा सर्व बाजूंनी सोयीची.

मग १२०० सीसीची, पेट्रोल पिणारी, जड, भागांविना अनाथ झालेली १९४८ ची हार्ली कुणी आणि का चालती ठेवली? ‘हार्लिस्ता’ म्हणवून घेणाऱ्या मूठभर क्यूबनांनी. दुसऱ्या इंजिनाचे पिस्टन लेथवर उतरवून, सिलिंडरला स्लीव्ह टाकून, व्हॉल्व्ह घासून, मोटारीच्या क्लचप्लेटा कापून. त्यांना यातून टॅक्सीचं भाडं मिळत नव्हतं. पुष्कळ वर्षं त्या गाडीला बाजारभावही नव्हता. पर्यटक आले, परदेशी हौशी मंडळी येताना सामानात भाग आणू लागली, २०१२ पासून व्हाराडेरोला मेळावा भरू लागला, हे सगळं फार नंतरचं. त्याआधीच्या तीस-चाळीस वर्षांचं उत्तर एकच उरतं. त्या माणसांना ते यंत्र समजलं होतं आणि समजलेलं यंत्र मरू देणं त्यांना जमलं नाही.

ज्याला आपण छंद म्हणतो त्याचा गाभा मला इथे दिसतो. आपल्याकडे छंद म्हणजे पैसा उरल्यावर करायची गोष्ट. हार्लिस्तांपाशी पैसा उरलेला नव्हता.

५. मूळ म्हणजे काय?

आता सर्वांत गंभीर आक्षेप. तो जुन्या गाड्यांच्या जाणकारांकडूनच येतो. ते म्हणतात, इंजिन कोरियन, गिअरबॉक्स रशियन, ब्रेक लाडाचे, मग शेवरोलेट उरली कुठे? हे जतन कसलं, हा तर ऐवज मोडून खाणं झालं.

या आक्षेपामागे एक व्याख्या आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाच्या, फिव्हाच्या, व्याख्येत ऐतिहासिक वाहन किमान तीस वर्षं जुनं असावं, इतिहासाला धरून असलेल्या अवस्थेत सांभाळलेलं असावं आणि रोजच्या वाहतुकीसाठी वापरात नसावं. आल्मेन्द्रॉन पहिल्या अटीत दुप्पट पास, पुढच्या दोन्हींत नापास. आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली, मोठे फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी; तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. ती चालवायची प्रदर्शनाला, तांत्रिक अभ्यासाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. रोजच्या वापराला नाही. नियम चांगला आहे, त्याने पुष्कळ गाड्या भंगारातून वाचतील. पण त्यामागचा विचार फिव्हाचाच आहे: जपायचं तर वापरातून काढायचं.

आपल्या भाषेत जतनाला आणखी एक शब्द आहे, जीर्णोद्धार. देवळाचा जीर्णोद्धार करतात तेव्हा ते बंद करून काचेत ठेवत नाहीत. पूजा चालू असते, गर्दी चालू असते आणि झिजलेला दगड काढून नवा बसतो. किती पिढ्यांनी किती दगड बदलले याने देवळाचं देऊळपण ठरत नाही. तिथे अजून घंटा वाजते का, याने ठरतं. वाड्याचंही तसंच. दर उन्हाळ्याला शाकारणी झाली, तुळई बदलली, एका सोप्याला सिमेंट लागलं, तरी माणसं राहताहेत तोवर तो वाडा. रिकामा झाला की दोन पावसाळ्यांत भिंत ढासळते.

ही तुलना मी सोयीपुरती वापरत नाही, तिची दुसरी बाजूही मान्य करतो. जीर्णोद्धाराच्या नावाखाली आपण हेमाडपंती देवळांना ऑइलपेंट फासला, कोरीव खांबांवर बाथरूमच्या फरशा चिकटवल्या. म्हणजे वापर चालू ठेवणं एवढंच पुरत नाही. बदलणाऱ्याला कळलं पाहिजे की कुठला दगड भार घेतो, कुठला दगड साक्षीदार आहे आणि कुठला नुसता भरीचा. ही समज असेल तर तो जीर्णोद्धार, नसेल तर विटंबना. शेवरोलेटचं इंजिन बदलणं मला पहिल्या प्रकारात वाटतं. इंजिन भार घेणारा दगड होता. तो झिजला, त्या जागी तितकाच भार घेणारा दुसरा आला.

आणि इतिहासाला धरून म्हणायचं तर कुठल्या इतिहासाला? १९५३ ची गाडी १९५३ च्या अवस्थेत नेऊन ठेवली तर ती एका वर्षाची साक्ष देते. हवानातल्या गाडीचं बॉनेट उघडलं तर साठच्या दशकातली कोंडी, सत्तर-ऐंशीतला मॉस्कोचा आधार, नव्वदीतली डिझेलची धडपड, दोन हजारनंतर आशियातून आलेले भाग, हे सगळं थराथराने दिसतं. ते थर खरवडून ती ‘मूळ’ केली तर क्यूबाचा साठ वर्षांचा इतिहास पुसला जाईल आणि डेट्रॉइटचा एक दिवस मागे राहील. न छेडलेला नमुनाही कुठेतरी असलाच पाहिजे. रंगाची छटा, बोल्टचं डोकं, शिवणीचा टाका पाहायला आपण संग्रहालयातच जाणार. माझा विरोध संग्रहालयाला नाही, त्यालाच एकमेव जतन मानायला आहे.

६. ज्या आक्षेपांना मी मान तुकवतो

तू गरिबीचं कौतुक करतो आहेस, असं मला एका मित्राने सांगितलं. त्याचं निम्मं बरोबर आहे. बोतेरोला उद्या रास्त भावात नवी गाडी मिळाली तर तो जुनी सोडेल, आणि सोडावीच. कुणाच्या टंचाईचं समर्थन करण्याचा मला अधिकार नाही. पण टंचाई वाईट म्हणून टंचाईत कमावलेली विद्याही कमअस्सल, हे मला पटत नाही. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला पाण्याचं जे शास्त्र कळतं ते दुष्काळ चांगला म्हणून कळत नाही.

धुराच्या आक्षेपाला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही. जुनं डिझेल इंजिन काळा धूर सोडतं, हवानाच्या अरुंद रस्त्यांवर तो माणसांच्या छातीत जातो. पट्टे नाहीत, एअरबॅग नाहीत, ड्रम ब्रेक ओले झाले की गाडी एका अंगाला ओढते. दुरुस्तीची विद्या कितीही थोर असली तरी धुराच्या तपासणीतून तिला सूट मिळू नये. उलट, ज्यांनी पाच थाऊ साधले त्यांना इंजेक्टर साफ आणि वेळेवर ठेवणं साधेल, एवढा विश्वास त्यांच्यावर टाकायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट बाहेरून आक्षेप म्हणून फारशी कुणी मांडत नाही, पण मला तिची सर्वांत जास्त धास्ती वाटते. ती म्हणजे पर्यटन. पर्यटकाला उघडी गाडी हवी असते. म्हणून गेल्या काही वर्षांत हवानात चांगल्या बंद सेडानांची छपरं कापून त्यांना कन्व्हर्टिबल केलं गेलं. छप्पर कापलं की बॉडीची ताठरता जाते, दारं जुळेनाशी होतात. हा देवळावरचा ऑइलपेंट. गाडी कमावती असणं आणि गाडी सोंग होणं यातली रेघ इथे ओलांडली गेली. २०१८ मध्ये क्यूबात सुमारे ४७ लाख परदेशी पर्यटक आले होते, २०२४ मध्ये २२ लाख. मार्च २०२४ मध्ये पेट्रोल लिटरला २५ पेसोंवरून १३२ वर गेलं. आता बेटावर बॅटरीच्या दुचाकी आणि तीनचाकी वाढत आहेत. ज्यांनी पर्यटकावर सगळं बेतलं त्यांच्या गुलाबी गाड्या उभ्या आहेत. ज्यांच्या हातात लेथ आहे ते मोटारींबरोबर आता इलेक्ट्रिक गाड्यांच्या चासीही जोडतील.

७. आपली पद्मिनी

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत आहे. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले, सिनेमांतले प्रसंग आठवले, निदान एक तरी पद्मिनी संग्रहालयात ठेवा अशी मागणी झाली. कुर्ल्याला बनलेल्या त्या गाडीवर चाळीस-पन्नास वर्षं ज्यांनी हात चालवले त्या गॅरेजवाल्यांवर मात्र मला फारच थोडं वाचायला मिळालं. स्टिअरिंगवरचा गिअर कुठे अडकतो, उकाड्यात इंजिन तापलं तर आधी काय तपासायचं, कार्बोरेटरचा फ्लोट हलवून आवाजावरून कसा लावायचा, हे सगळं त्यांच्या बोटांत होतं. गाडी एक ठेवता येईल. ती बोटं कुठे ठेवली?

नव्या गाड्या तर बोटांनाच बाहेर ठेवतात. सॉफ्टवेअर बंद, निदानाचं यंत्र कंपनीकडे, भागावर कंपनीची सही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मतदारांनी २०१२ मध्ये मोटार दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला. आपल्या ग्राहक मंत्रालयाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्यासाठी एक पोर्टल सुरू केलं. ही वाट योग्य आहे. पण हक्क कागदावर मिळाला आणि तो बजावणारा टर्नर गावात उरला नाही, तर आपण त्या कागदाचं काय करणार? मी माझ्या मोटरसायकलीच्या गजन पिनचा बुश ज्यांच्याकडून उतरवून घेतो ते काका सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांच्या लेथवर आता बहुतेक ग्राहक माझ्यासारखे हौशी आहेत. त्यांचा मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे. बुश हातात देताना ते कॅलिपरने मोजलेलं माप सांगत नाहीत. पिन आत ढकलतात, ती अंगठ्याच्या दाबाने सरकते आणि हात सोडला तर आपसूक पडत नाही, एवढं दाखवतात.

हवानाच्या हार्लीवाल्यांत असाच एक मेकॅनिक होऊन गेला. आजही दर जूनमध्ये, फादर्स डेच्या दिवशी, हार्लिस्ता आपल्या मोटरसायकली घेऊन कोलोन दफनभूमीत त्याच्या थडग्यापाशी जमतात. खूप बारीक मापावर काम करायचा म्हणून लोकांनी त्याला एक टोपणनाव दिलं होतं, पेपे मिलेसिमा. मिलेसिमा म्हणजे हजारावा भाग. थाऊ.